विमानातला नंबर आणि आपला हळदीचा बॉयलर



लबकच्या कापसाची माहिती टाकली तेव्हा तिच्याबरोबर विमानतळावरच्या एका खांबाचा फोटो होता. खांबावर ३१-३५, ३६-४० असे आकडे आणि खाली गपगुमान उभी असलेली माणसं. कापसाचं राहिलं बाजूला, त्या खांबाबद्दलच लय जणांनी विचारलं. एकजण म्हणाला, काका, अमेरिकेत पण रेशनची रांग असते का? म्हणून आज त्याच्यावर लिहितो. दुसरं कारण असं की आमच्या गटात हळदीच्या बॉयलरच्या नंबरावरून बैठक झाली आणि तिथं मला हे विमानच सारखं आठवत होतं. ते शेवटी सांगतो.

आधी ती पद्धत काय होती ते बघू. होती म्हणतो, कारण आता ती बंद झाली.

मागच्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ ला, मी आणि सौ. लेकीकडं डॅलसला होतो. तिथून लबकला कापूस बघायला जायचं ठरलं. विमानानं तासाभराचा रस्ता. कंपनीचं नाव साउथवेस्ट. जावयानं मोबाईलवर माझा पास दाखवला. त्यावर नाव, गेट, वेळ आणि 'बी ४१' एवढंच. मी म्हणलं, ४१ नंबरची सीट का? जावई म्हणाले, "नाही मामा, सीटच नाही दिलेली. हा रांगेतला नंबर आहे. आत गेल्यावर जी मोकळी दिसेल ती आपली."

म्हणलं, हे तर आपल्या एसटीसारखं झालं.

एसटीचं तुम्हाला सांगायला नको. गाडी स्टँडात शिरायच्या आधीच माणसं बाजूनं पळत असतात. खिडकीतून रुमाल टाकायचा, टोपी टाकायची, दप्तर टाकायचं, तेही नसलं तर लहान पोरगं आत सोडायचं. रुमाल पडला की सीट झाली. त्यावरून भांडणं होतात, पण रुमालाचा मान बहुतेक लोक राखतात. एसटीत अडचण एकच. ज्याच्या अंगात जोर तो आधी चढतो. म्हातारं माणूस, लेकुरवाळी बाई ह्यांच्या वाट्याला उभं राहणं येतं.

साउथवेस्टनं सीट मोकळी ठेवली, पण दारातली रेटारेटी काढून टाकली. ती कशी, ते आता नीट सांगतो.

नंबर कसा मिळायचा

विमान सुटायच्या बरोबर २४ तास आधी मोबाईलवर चेक-इन उघडायचं. जो आधी करेल त्याला आधीचा नंबर. अ, ब, क सारखे तीन गट: ए, बी आणि सी. ए मध्ये १ ते ६०, बी मध्ये १ ते ६०, राहिलेले सी मध्ये. त्यांच्या मोठ्या विमानात १७५ सीटा, म्हणजे विमान भरलं तर सी मध्ये ५५ जण. लेकीनं मोबाईलला गजर लावून ठेवला होता. दोन-चार मिनिटं उशीर झाला तरी पंधरा-वीस नंबर मागं जातो, असं ती म्हणाली.

मग गेटपाशी ते खांब. पाच-पाच नंबरांची जागा ठरलेली. आपला नंबर बघायचा आणि आपल्या खांबाजवळ जाऊन उभं राहायचं. ४१ वाला ४० ला विचारतो, तुझा कितवा? आणि त्याच्या मागं उभा राहतो. ना दोरी, ना पोलीस. ए गट आत गेला की त्याच जागेवर बी गट येतो.

सगळ्यात आधी ज्यांना चालता येत नाही किंवा मदत लागते ते लोक. मग ए गट. ए आणि बी च्या मधी सहा वर्षांपर्यंतचं लेकरू असलेली कुटुंबं, एका लेकरासोबत दोन मोठी माणसं. आमचा नातू चार वर्षांचा. त्यामुळं लेक, जावई आणि नातू आमच्या आधी आत गेले. आजी-आजोबा त्या नियमात बसत नाहीत. सौ.चं यायचं उशिरा ठरल्यामुळं तिचं तिकीट वेगळं निघालेलं. तिचा नंबर सी ८. म्हणजे माझ्यात आणि तिच्यात २६ माणसं.

मी आत शिरलो तेव्हा शंभरावर लोक बसलेले. अशा विमानात मधून एकच वाट असते, दोन्ही बाजूंना तीन-तीन सीटा. खिडकीची सीट आधी जाते, मग वाटेकडची, आणि मधल्या सीटा शेवटी उरतात. मला मागच्या भागात एक मधली सीट मिळाली. थोड्या वेळानं सौ. आली. हातात पिशवी, आणि एकेक रांग बघत येतेय की हा माणूस बसलाय कुठं. तिला इंग्रजी येत नाही, मला दहावीपुरतं येतं. मी उठून हात केला. वाटेच्या कडेला एक म्हातारा गडी बसलेला, डोक्यावर मोठी टोपी, पायात बूट. त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि उठून पुढच्या रांगेतल्या मधल्या सीटवर जाऊन बसला. वाटेकडची सीट म्हणजे तो ए गटातला असणार. चांगला नंबर लावून मिळवलेली जागा त्यानं एका शब्दाविना सोडली. लबकला उतरल्यावर सौ.नं त्याला हात जोडले. त्यानं टोपीला हात लावला आणि गेला.

सीट राखून ठेवायची का नाही, ह्याबद्दल त्या कंपनीनं नियमच केला नव्हता. कोणी नवऱ्यासाठी बाजूच्या सीटवर बॅग ठेवायचं, कोणी ती बॅग उचला म्हणायचं. रुमालाचं भांडण तिकडंही आहेच, फक्त रुमाल नाही.

ही पद्धत आली कुठून

ह्या कंपनीचं पहिलं विमान १८ जून १९७१ ला उडालं. डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ ह्या टेक्सासमधल्या तीनच गावांत त्यांची ये-जा. विमानं चार. १९७२ ला पैशाची ओढाताण झाली आणि त्यातलं एक विकावं लागलं. पण फेऱ्या कमी केल्या तर गिऱ्हाईक जाईल. मग चार विमानांच्या फेऱ्या तीन विमानांत बसवायच्या कशा? एकच उपाय होता, विमान जमिनीवर थांबतं तो वेळ कमी करायचा. त्यांनी ठरवलं की विमान उतरून, माणसं उतरवून, नवी भरून दहा मिनिटांत परत निघालं पाहिजे. आणि ते करून दाखवलं.

शेतकऱ्याला हे लगेच कळतं. ट्रॅक्टर शेतात चालला तर पैसा. दारात उभा असला तरी हप्ता चालूच. विमानाचं तसंच आहे. वर असलं तर कमाई, खाली असलं तर खर्च. सीट नंबर दिला की 'उठा, ही माझी सीट' हा घोळ आला. मोकळी ठेवली की माणूस दिसेल तिथं बसतो आणि वाट मोकळी होते. त्या वेळी तर पासही प्लॅस्टिकचे होते, विमानात चढताना परत घ्यायचे आणि पुढच्या फेरीला तेच वापरायचे.

मागून भरलं की लवकर भरतं?

मला वाटायचं की मागच्या सीटवाल्यांना आधी सोडावं, मग मधले, मग पुढचे. गोदामात पोती लावताना आपण आतल्या भिंतीपासूनच लावत येतो. पण माणसं म्हणजे पोती नाहीत.

जेसन स्टीफन नावाचा अमेरिकेतला एक भौतिकशास्त्रज्ञ. तारे-ग्रहांचा अभ्यास करणारा माणूस. त्यानं २००८ ला ह्यावर गणित मांडलं. मग एका नकली विमानात बारा रांगा आणि ७२ माणसं घेऊन खरोखर भरून बघितलं. निकाल असे आले:

- पट्ट्या पाडून, एकेक भाग भरत: ६ मिनिटं ५४ सेकंद
- मागून पुढं: ६ मिनिटं ११ सेकंद
- कोणीही कधीही: ४ मिनिटं ४४ सेकंद
- आधी खिडकीवाले, मग मधले, मग वाटेकडचे: ४ मिनिटं १३ सेकंद
- स्टीफनची स्वतःची पद्धत: ३ मिनिटं ३६ सेकंद

बघा, नियोजन करून मागून भरलं त्यापेक्षा काहीच नियोजन न करता लवकर भरलं. कारण सोपं आहे. मागच्या पाच रांगांची तीस माणसं एकदम आत सोडली तर ती तीसही एकाच ठिकाणी अडतात. एकजण बॅग वर ठेवतोय, बाकीचे त्याच्या मागं उभे. पुढची अर्धी वाट रिकामी पडलेली, पण कामाची नाही. खुरपायला पंधरा बाया आणल्या आणि सगळ्या एकाच सरीत घातल्या तर काय होईल? माणसं विखुरली तर एकाच वेळी दहाजण दहा ठिकाणी बॅगा ठेवू शकतात.

स्टीफनच्या पद्धतीत आधी खिडकीवाले, तेही मागून एक रांग सोडून एक रांग असे. म्हणजे बॅग ठेवताना कोणाचा कोपर कोणाला लागत नाही आणि आत जाणाऱ्यासाठी कडेच्याला उठावं लागत नाही. कागदावर सगळ्यात चांगली. पण नवरा-बायको, माय-लेकरू वेगळे करावे लागतात, म्हणून ती जशीच्या तशी वापरणं अवघड. खिडकी, मधली, कडेची ही पद्धत मात्र चालते. युनायटेड ह्या मोठ्या कंपनीनं ती ऑक्टोबर २०२३ पासून परत सुरू केली, आणि एका तिकिटावरच्या कुटुंबाला एकत्र सोडायची सवलत ठेवली.

अजून एक गोष्ट. 'मिथबस्टर्स' हा टीव्हीवरचा कार्यक्रम. त्यांनीही २०१४ ला असा प्रयोग केला. मागून पुढं भरायला २४ मिनिटांच्या वर लागली. सीट नंबरच न देता भरायला १४ मिनिटं, सगळ्यात कमी. पण प्रवाशांना विचारलं तर सगळ्यात जास्त नाराज त्याच पद्धतीवर. लवकर तर झालं, पण मनाला बरं नाही वाटलं. हे वाक्य डोक्यात ठेवा, बॉयलरला कामाला येईल.

मग बिघडलं कुठं

सुरुवातीला नुसते ए, बी, सी गट होते, गटात नंबर नव्हता. त्यामुळं ए वाले पण तासभर आधी येऊन गेटपाशी रांग धरायचे, खाली फरशीवर बसायचे. तिकडचे लोक चेष्टेनं गुरांचा कळप म्हणायचे. २००७ च्या शेवटी १ ते ६० नंबर आणि ते खांब आले. तास-तास उभं राहणं संपलं. जो आधी चेक-इन करेल त्याचा नंबर आधी, गरीब असो नाहीतर श्रीमंत.

मग २००९ ला कंपनीनं एक सोय काढली. सुरुवातीला दहा डॉलर जास्तीचे भरा, तुमचं चेक-इन २४ तासांच्या आधी आपोआप होईल. बरी वाटते सोय. पण रांग तेवढीच असते. एकाला पैशानं पुढं घेतलं की दुसरा कोणीतरी मागं जातोच. ए १ ते १५ हे नंबर महागड्या तिकिटवाल्यांसाठी राखीव, उरले तर गेटवर विकायला. मग ज्यानं गजर लावून बरोबर २४ व्या तासाला बटण दाबलं त्यालाही बी गट यायला लागला. त्यानं काही चूक केली नव्हती. नंबर विकत मिळायला लागल्यावर न विकलेल्या नंबराची किंमत उतरली.

आणि दुसरी वाट निघाली चाकाच्या खुर्चीची. ज्यांना चालता येत नाही त्यांना आधी, हा नियम माणुसकीचा. पण चढताना खुर्चीवर येणारे आणि उतरताना तरातरा चालत जाणारे लोक वाढले, अशी चर्चा तिकडं उघड चालते. खरं दुखणं असलेल्या माणसाकडंसुद्धा मग लोक संशयानं बघतात. खोट्यानं रांग मोडली की शिक्षा खऱ्याला होते.

जुलै २०२४ ला कंपनीनं जाहीर केलं की मोकळ्या सीटा बंद करणार. त्यांनी सांगितलं, आमच्या ८० टक्के गिऱ्हाइकांना आणि जे आमच्याकडं येत नाहीत त्यांतल्या ८६ टक्क्यांना ठरलेली सीट पाहिजे. त्याच सुमारास एका बड्या गुंतवणूकदार कंपनीचाही नफा वाढवा म्हणून दबाव होता. २७ जानेवारी २०२६ पासून नवी पद्धत सुरू झाली. आता पासवर सीट नंबर असतो, १ ते ८ असे गट असतात, आणि पाय लांब करायच्या, पुढच्या सीटांना जास्त पैसे. पन्नास वर्षांवर चाललेली रीत संपली. लेक फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही शेवटच्या दिवसांत बसून गेलात.

युरोपात हे आधीच झालं होतं. ईझीजेटनं नोव्हेंबर २०१२ ला आणि रायनएअरनं फेब्रुवारी २०१४ ला मोकळ्या सीटा बंद केल्या.

आपल्याकडं हे आणणारा शेतकरीच होता

हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. आपल्या देशात स्वस्त विमान आणलं ते कॅप्टन गोपीनाथ ह्यांनी. कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातले. फौजेत होते, १९७१ च्या युद्धात होते. फौज सोडून आले तर घरची जमीन हेमावती धरणात गेलेली. बदल्यात जावगलजवळ माळरान मिळालं. तिथं राहून शेती केली, रेशीम केलं, रासायनिक खर्च कमी करून रेशीम घ्यायची पद्धत बसवली. त्या कामाला १९९६ चा रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्याच माणसानं २००३ ला एअर डेक्कन काढली. काही सीटा एक रुपयाला विकल्या. सीट नंबर नाही, दिसेल तिथं बसा. पहिल्यांदा विमानात बसणारी आपली माणसं पायऱ्यांकडं पळायची, स्टँडावरच्यासारखीच. लोक हसले. पण त्या पळणाऱ्या माणसांना त्याच्या आधी विमानात कोणी बसू दिलं होतं? पुढं ती कंपनी किंगफिशरमध्ये गेली आणि किंगफिशर बंद पडली, तो वेगळा विषय.

आज आपल्याकडच्या विमानांत सीट ठरलेलीच असते. पोरं पुण्या-बंगळूरला नोकरीला गेलीत, तुम्हालाही कधी जावं लागेल. म्हणून चार कामाच्या गोष्टी:

१. मोबाईलवर वेब चेक-इन करताना सीटांचा नकाशा येतो आणि बऱ्याच सीटांवर रुपये दिसतात. सीट विकत घेणं सक्तीचं नसतं. नाही घेतली तर कंपनी स्वतःहून एखादी सीट देते. ती बहुतेक मधली किंवा मागची असते, पण उभं कोणालाच राहावं लागत नाही.

२. एका रांगेत सहा सीटा असतील तर ए आणि एफ खिडकीच्या, बी आणि ई मधल्या, सी आणि डी वाटेकडच्या. गुडघे दुखत असतील तर वाटेकडची मागा. खिडकीच्या हट्टापायी दोघांना उठवत बसाल.

३. बारा वर्षांपर्यंतच्या लेकराला एकाच तिकिटावरच्या आई-बापापैकी किंवा सोबतच्या मोठ्या माणसापैकी एकाजवळ सीट द्यायला पाहिजे, असं सरकारच्या डीजीसीएनं २०२४ ला कंपन्यांना सांगितलंय. लेकरू लांब बसवलं तर तिथल्या माणसाला हे नीट सांगा. आवाज चढवायची गरज नाही.

४. देशातल्या विमानाचं गेट सुटायच्या साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं. एसटीसारखं हात करून थांबत नाही. नाव पुकारल्यावर उठू नका, त्याच्या आधीच गेटजवळ जाऊन बसा. आणि नंबर आला नसताना दारात गर्दी करू नका. तुमची सीट कोणी उचलून नेत नाही.

आता बॉयलर

आमच्या गटात २३ जण आणि बॉयलर एक. वसमत भागातली हळद तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांची काढणी एकाच महिना-दीड महिन्यात. काढलेली हळद ढिगात फार दिवस ठेवता येत नाही, शिजवून वाळत घालावी लागते. वर ढग आले की प्रत्येकाला वाटतं पहिला नंबर माझा.

मागच्या साली ज्यानं आधी नाव नोंदवलं त्याला आधी असं केलं. ऐकायला एकदम सरळ. झालं काय, बॉयलर सकाळी नदीकाठच्या रानात, दुपारी माळावर, दुसऱ्या दिवशी परत नदीकाठी. एका रानातून दुसऱ्या रानात नेऊन टेकवायचा, पाणी भरायचं, जाळ घालून वाफ धरायची, ह्यात दोन तास जातात. हंगामात असे कितीतरी तास नुसते रस्त्यावर गेले. शेवटच्या पाच जणांची हळद ढिगात तापली आणि भाव उतरला. त्यात एक बाई आहे, मालक वारलेला, वीस गुंठे हळद. तिचा नंबर एकविसावा होता, कारण नाव नोंदवायच्या दिवशी ती दुसऱ्याच्या रानात मजुरीला होती.

ह्या साली बैठकीत एकानं सूचना केली. ज्याला आधी पाहिजे त्यानं हजार रुपये जास्त भरावेत, पैसा गटालाच येईल, हप्ता फिटेल. त्याचा हिशोब खोटा नव्हता. बॉयलरचं कर्ज आहे आणि त्याची स्वतःची आठ एकर हळद. गटाचं सगळ्यात जास्त भाडं त्याच्याकडूनच येतं.

मी उठून विमानाची गोष्ट सांगितली. काहीजण हसले, पण ऐकून घेतलं. म्हणलं, विमान कंपनीनं पुढचा नंबर विकला तर ती तिचा माल विकते, प्रवासी गिऱ्हाईक आहे, पटत नसेल तर दुसऱ्या विमानानं जाईल. आपल्या बॉयलरचे मालक आपण तेवीसजण. पहिला नंबर हजाराला विकला तर ते हजार रुपये आभाळातून येत नाहीत. शेवटच्या पाच जणांच्या हळदीच्या भावातून येतात. आणि ह्या साली हजार असला तर पुढच्या साली दीड हजार होईल, कारण न विकलेल्या नंबरात कोणालाच भरवसा राहणार नाही.

दुसरी गोष्ट मांडली ती त्या शास्त्रज्ञाची. कोणाचा नंबर आधी ह्यावर आपण भांडतो, पण वेळ खातंय ते बॉयलरचं पळणं. ते कमी केलं तर शेवटच्याचा नंबरही लवकर येतो. मग असं ठरलं:

- रानांचे तीन भाग करायचे: माळ, गावालगत, नदीकाठ. बॉयलर एक भाग पुरा करूनच दुसरीकडं जाईल.
- कोणता भाग आधी ते चिठ्ठी टाकून. पुढच्या साली पहिला तो शेवटी.
- भागाच्या आत पाणंदीच्या क्रमानं, बांधाला बांध. नाव कधी नोंदवलं ह्याला महत्त्व नाही.
- आपली तारीख आधी कळते, म्हणून काढणी त्याच्या दोन-तीन दिवस आधीच लावायची. आधी काढून ढीग घालायचा आणि मग घाई करायची, हे चालणार नाही.
- प्रत्येक भागात एक दिवस मोकळा. घरात आजारपण, मयत, मजूर न मिळणं, अशा अडचणीवाल्यासाठी. तो कोणाला द्यायचा हे गटातल्या तिघी बाया ठरवतील. खोटी अडचण त्यांना आपल्याआधी कळते.
- नंबर विकायचा नाही.

सगळं गोड झालं असं नाही. आठ एकरवाला म्हणाला, माझी हळद सगळ्यात जास्त आणि मी चिठ्ठीवर बसू? मी भाड्याचा बॉयलर आणतो. तो गेला तर आमचा हप्ता ओढाताणीत जाईल, हे खरं आहे. त्याला अजून आम्ही सोडलेलं नाही. मोठ्या रानाला एकाच जागी बॉयलर जास्त वेळ चालतो, हलवाहलव कमी, म्हणून त्याचा क्विंटलमागचा दर थोडा कमी करता येतो का ते बघतोय. ते नंबर विकणं नव्हे, हलवायचा वाचलेला खर्च त्याला परत देणं आहे. ह्यावर अजून दोनजण तयार नाहीत. मला तरी हा हिशोब बरोबर वाटतो.

चिठ्ठीत पहिला नंबर माळाचा निघाला. माझं रान नदीकाठी, म्हणजे मी शेवटच्या भागात. त्या बाईचे वीस गुंठे माळावर आहेत. सोमवारी बॉयलर पेटतोय. किती तास रस्त्यावर गेले आणि किती तास वाफेवर, ह्याची वही ठेवायला पोराला सांगितलंय. हंगाम संपला की आकडे इथंच टाकीन, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी.

तुमच्या गटात मळणीयंत्र, हार्वेस्टर, बॉयलर, कालव्याची पाळी, काहीही असेल. नंबर कसा लावता आणि शेवटच्याचं काय होतं, ते लिहा. आम्हाला कामाला येईल.